तिसऱ्या रांगेतलं उत्तर

१

अकोल्याच्या प्रयोगात श्याम मेहरेच्या गमती चोरीला गेल्या, तेव्हा मी पाचव्या रांगेत बसलो होतो. चोरी होताना मी ती माझ्या कानांनी ऐकली.

श्याम कोण, हे वऱ्हाडात कुणाला सांगावं लागत नाही. तरी बाहेरच्यांसाठी सांगतो. अमरावतीच्या भाजीबाजारात आईच्या दुकानावर सांभार, म्हणजे कोथिंबीर, विकता विकता गिऱ्हाइकांना हसवणारा हा पोरगा. आज तो एकटा माईक घेऊन उभा राहतो आणि अख्खा हॉल तासभर पोट धरून हसतो. मी पेपरात जन्मभर नाटकांची परीक्षणं लिहिली. भल्याभल्यांना सोललं. श्यामपुढे मात्र माझं पेन लाडात येतं, आणि त्याची मला मुळीच लाज वाटत नाही.

त्या रविवारी दुपारी त्याचा नवा कार्यक्रम होता. आधी कुठेही न झालेला, अगदी कोरा. प्रेक्षकांचे फोन दारावरच पिशव्यांत बंद केले होते. श्याम आला, नमस्कार केला आणि पहिली गंमत सुरू केली.

"माया मामानं नवी बोलेरो घेतली. दिवाळीले मामी म्हणे, मले माहेरी सोडा. मामा म्हणे, डिझेल संपलं. तवा मामी मामाले म्हणे..."

तो थांबला. श्यामचं थांबणं म्हणजे काय चीज आहे ते बघायलाच हवं. हॉल श्वास धरून बसतो. पण त्या दिवशी तो नेहमीपेक्षा जरा जास्तच थांबला, आणि तिसऱ्या रांगेतून खणखणीत आवाजात कुणीतरी गंमत पुरी केली.

"तुमी बसा, मीच जुपून घेतो."

लोक हसले. श्यामही हसला आणि म्हणाला, "मी तं ढकलतो म्हणणार होतो, पण तुमचं चांगलं हाय." दुसऱ्या गमतीला मात्र तिसऱ्या-चौथ्या रांगेतले पंधरा-वीस लोक एका सुरात उत्तर देऊन मोकळे झाले. तिसऱ्या गमतीलाही तेच. त्याचं तोंड उघडायच्या आत शेवट तयार. पाचव्या गमतीपर्यंत त्याच्या कपाळावर घाम दिसायला लागला. तरी त्याने कुणावर चिडचिड केली नाही, प्रयोग अर्ध्यावर सोडला नाही. तास पुरा केला, हात जोडले आणि आत गेला.

मी भेटायला आत गेलो. त्याची व्यवस्थापक नीलम दारातच उभी होती, आणि कुणाला तरी फोनवर सांगत होती, "चोर घरातलाच आहे. त्याचं नाव मी उद्या पोलिसांना देते."

२

नाव होतं चंदन. धारणीकडचा पोरगा, दोन वर्षांपासून श्यामचा लेखक म्हणून कामाला.

नीलमचा हिशेब सरळ होता. कार्यक्रम माहीत असलेली माणसं तीन, श्याम, ती आणि चंदन. श्याम स्वतःचं नुकसान करणार नाही, तिने केलं नाही, म्हणजे उरला चंदन. आणि नुकसान साधं नव्हतं. पुढच्या रविवारी मुंबईची एक कंपनी अमरावतीत येऊन हा कार्यक्रम चित्रित करणार होती. करारात एकच अट होती. प्रत्येक गंमत नवी हवी, कुणी कधी न ऐकलेली. चंदनने गमती बाहेर फोडल्या, असं एकदा पोलिसांत आणि कंपनीत नोंदलं गेलं, की त्याला या धंद्यात पुन्हा कुणी दारात उभं करणार नव्हतं.

सोमवारी सकाळी श्याम आमच्या घरी आला. माझी सून आकांक्षा अमरावतीच्या कोर्टात वकिली करते. तिचं डोकं थंड, प्रश्न गरम. श्यामच्या कार्यक्रमांना ती माझ्या आग्रहाखातर येते आणि सगळे हसतात तेव्हा श्यामऐवजी लोकांकडे बघते. याचा मला फार राग येतो.

"वहिनी, एक काम करा," श्याम म्हणाला. "चंदननं काही केलं नाही, एवढं सिद्ध करून द्या. चोर मात्र शोधू नका."

"चोर सापडला नाही तर चंदन सुटणार कसा?"

"ते तुमी पाहा."

"श्यामभाऊ, तुमचा कोणावर संशय आहे?"

त्याने माझ्याकडे बघितलं. हजार माणसांसमोर न डगमगणारा हा गडी, माझ्या नजरेला नजर देईना. "काकाजी, तुमी तरी सांगा ना यायले," म्हणाला आणि चहा तसाच ठेवून उठला.

तो गेल्यावर आकांक्षाने कप उचलून आत नेला. बाहेर येऊन म्हणाली, "मामाजी, तुमचे श्यामभाऊ चोराला घाबरत नाहीत. चोर सापडेल, याला घाबरतात."

३

नीलमने नाही म्हणत म्हणत एक दिवसाची मुदत दिली. मी तिला वाईट म्हणणार नाही. श्यामला भाजीबाजारातून मोठ्या हॉलमध्ये नेलं ते तिनेच.

"उत्तरं देणारे लोक कोण होते?" आकांक्षाने विचारलं.

"अकोल्याजवळच्या पातूरचे. दोन जीपा भरून आले होते. रांगेत उभं राहून तिकिटं काढली त्यांनी."

"त्यांना कोणी पाठवलं असं काही?"

"विचारलं मी. म्हणाले, पोरगा आपल्याकडचा, म्हणून आलो." नीलमने जरा विचार केला. "एक आहे. अकोल्याचा प्रयोग श्यामभाऊंना नकोच होता. नागपूर, पुणे, कुठेही चला म्हणतात. हा दोन तासांचा रस्ता असून अकोला म्हटलं की टाळतात. यावेळी मीच हट्टाने घेतला."

"काहून टाळतात?"

"म्हणे, तिकडची हवा मानवत नाही."

आकांक्षाने हे ऐकलं आणि तोंड मिटलं. तिचं तोंड मिटलं की समजावं, काहीतरी पक्कं झालं.

चंदन एका खोलीत भाड्याने राहत होता. दार त्यानेच उघडलं. बॅग भरून तयार होती. पंचविशीचा असेल, बारीक, डोळ्यांखाली काळं.

"मॅडम, लिहून टाका माझं नाव," तो म्हणाला. "मी जातो धारणीले."

"तू गमती कोणाला सांगितल्यास?"

"नाही."

"मग नाव काहून घालून घेतोस?"

तो बॅगेच्या पट्ट्याशी चाळा करत राहिला. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "अरे बाबा, निर्दोष माणूस असा गप्प बसते का? बोल काहीतरी."

"काय बोलू, काकाजी? भाऊनं मले धारणीहून आणलं. राहाले जागा पाहून दिली. दोन वर्षांत मी लिहिलेलं एकही भाऊनं स्टेजवर सांगतलं नाही, तरी मले कधी जा म्हटलं नाही. अशा माणसाले मी..."

तो मध्येच थांबला. काय बोलून बसलो, हे त्याच्या उशिरा लक्षात आलं होतं. दोन वर्षांत त्याचं एकही वाक्य स्टेजवर गेलं नव्हतं. मग हा नवा कोरा तास लिहिला कुणी?

४

हॉलवाल्यांनी नोंद म्हणून केलेलं चित्रण नीलमकडे होतं. आकांक्षाने ते घरी आणलं, जेवणं झाल्यावर दुपारी लावलं आणि आवाज बंद करून बघत बसली. मला वाटलं ही चेष्टा करतेय. श्यामला आवाज बंद करून बघणं म्हणजे पुरणपोळीचा नुसता वास घेणं.

"मामाजी, तुम्ही तिथे होतात. पहिलं उत्तर काय आलं होतं?"

"तुमी बसा, मीच जुपून घेतो."

"आणि श्यामभाऊ काय म्हणणार होते?"

"मीच ढकलतो."

"बोलेरोला कोणी स्वतःला जुपून घेतं का? जुपतात ते बैलगाडीला. दुसरी गंमत व्हॉट्सॲपची होती. त्या लोकांचं उत्तर काय?"

मला आठवलं. "तार आली, असं काहीतरी म्हणाले. मी म्हटलं, खेड्यातले लोक, चुकले असतील."

"सगळे मिळून एका सुरात चुकले? ज्याने हा कार्यक्रम चोरून ऐकला असता, त्याने बोलेरोच म्हटलं असतं. यांच्या गमतीत बैलगाडी आहे, तार आहे. यांची गंमत जुनी आहे, श्यामभाऊंची नवी. चोरीची वस्तू मूळ वस्तूपेक्षा जुनी कशी असेल?"

कुठे चाललंय ते दिसायला लागलं होतं आणि मला ते बघायचं नव्हतं.

"आता इकडे बघा," तिने चित्र मागे नेलं. "शेवटचं वाक्य यायच्या आधी ते थांबतात. प्रत्येक वेळी थांबले की मान डावीकडून उजवीकडे फिरवतात. सावकाश नाही, भरकन. डावीकडे कोणी नाही, उजवीकडे कोणी नाही. मग कोणाकडे बघतात?"

मी बघितलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा बघताना लक्षात आलं, ही मान मी ओळखत होतो. नोकरीच्या काळात बातमीसाठी मी कितीतरी शंकरपटांना गेलो आहे. सरळ धावपट्टी, एका टोकाहून बैलजोडी सुटते, दुसऱ्या टोकाला वाऱ्यासारखी जाते. मधोमध मचाणावर भोंगेवाला निवेदक. एक जोडी गेली की दुसरी जुपेपर्यंत लोकांना धरून ठेवायचं त्याचं काम. तो गंमत सुरू करतो, तेवढ्यात जोडी सुटते, मग तो थांबतो आणि मान फिरवून जोडी जाऊ देतो. जोडी पार झाली की शेवटचं वाक्य. आणि पटाची रीत अशी, की ते वाक्य निवेदक एकटा कधीच म्हणत नाही. सगळी गर्दी त्याच्याबरोबर म्हणते.

मी आकांक्षाला हे सगळं सांगितलं. तिने चित्र थांबवलं.

"म्हणजे श्यामभाऊंच्या समोरून अजून बैल धावतात," ती म्हणाली. "गमती फुटल्या नाहीत, मामाजी. श्यामभाऊंनीच त्या उचलल्या आहेत. पातूरला जाऊन मालक शोधायला हवा."

५

मालक शोधायला वेळ लागला नाही. पातूरच्या पहिल्याच चहाच्या टपरीवर "पटावर भोंग्यावर कोण बोलायचं" असं विचारलं, आणि तिघांनी एकाच दिशेला हात केला.

डोमाजी आपल्या शेवंतीच्या मळ्यात फुलं तोडत होते. पाठ वाकलेली, पण आवाज ऐकला आणि मी जागीच उभा राहिलो. तिसऱ्या रांगेतला खणखणीत आवाज तोच.

"हो, मीच बोललो," ते म्हणाले. "काहून? गुन्हा झाला का?"

"त्या गमती तुमच्या आहेत?" आकांक्षाने विचारलं.

"पटावर मीच सांगो. कोर्टाची बंदी आली, पट बसले, मीबी बसलो. आता पट सुरू झाले, पण नवे पोट्टे गाणे वाजवतात." त्यांनी टोपली खाली ठेवली. "श्यामची माय पटात काकड्या विकाले येत जाय. हे लेकरू माया मचाणाखाली बसून राहे. सगळं पाठ त्याले. परवा नातू म्हणे, आबाजी, श्याम मेहरे अकोल्याले येऊन राहिला. म्हटलं, चला."

"मग मध्ये का बोललात?"

"थो थांबला ना बाई. त्यानं मले पाह्यलं आन अडखळला. मले वाटलं, पोरगं विसरलं. हजार माणसांत त्याची फजिती व्हाले नको, म्हून मी सांगून देलं. मग आमच्या लोकायले वाटलं, पटच हाय, आपुनबी म्हणा. तेवढी मजा कितीक वर्षांनी आली."

ज्याला नीलम कट म्हणत होती, ती एका म्हाताऱ्याची माया होती. त्याच मायेपायी चंदन बॅग भरून बसला होता.

"आबाजी, तो तुमच्या गमतींवर पैसा कमावतो," आकांक्षा म्हणाली. तिच्यातली वकील गप्प बसत नाही. "तुम्हाला राग नाही येत?"

"कमावू द्या. मले पटावर जेवण भेटे, त्याले हॉल भेटला. मी तरी कोठून आणल्या? नत्थुजीपासून उचलल्या, थो माया आधी बोले. पण..." डोमाजींनी एक फूल उचलून टोपलीत टाकलं. "पहिली जोडी सोडाच्या आधी मी नत्थुजीचं नाव घेत जाओ. दर पटाले. श्यामनं कोणाचंच नाव घेतलं नाही. तेवढं मले लागलं, बाई. खोटं कायले बोलू."

६

श्यामने काहीच नाकारलं नाही. त्याच्या घराच्या ओट्यावर आम्ही तिघं बसलो होतो. आकांक्षाने सगळं क्रमाने सांगितलं. जुपणं, तार, मान, अकोल्याची न मानवणारी हवा. तो खाली बघून ऐकत होता.

"तीन वर्षं झाली," तो म्हणाला, "मले नवीन काही सुचूनच नाही राहिलं. सकाळी उठतो, बसतो, काही नाही. लोक तिकीट काढून बसले हायेत. मग एक दिवस डोमाजी आठवले. म्हटलं, बैलाच्या जागी बोलेरो टाकू, कोणाले समजते. चंदनले माहीत होतं. त्यानं तोंडातून शब्द काढला नाही." त्याने चेहरा पुसला. "काकाजी, मी लोकायले शिळं वाढून राहिलो होतो."

मला त्याचा राग यायला हवा होता. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मी त्याला पेपरात उभा चिरला असता. पण मी अकोल्यात होतो. त्या जुन्या गमती सांगताना त्याने प्रत्येक शब्द असा टाकला होता, जणू तो त्याला आत्ताच सुचला. उसन्या सामानावर असा स्वयंपाक करायला हात लागतो, आणि तो हात त्याचा स्वतःचा होता. हे मी तेव्हाही मानलं आणि आजही मानतो.

"दोनच वाटा आहेत," आकांक्षा म्हणाली. "नीलमताई तक्रार देतील, चंदनचं नाव जाईल आणि तुमचं चित्रण होईल. किंवा तुम्ही खरं सांगाल, चंदन सुटेल आणि करार जाईल. लोक काय म्हणतील ते मी सांगू शकत नाही."

"डोमाजी काय म्हणे?"

"म्हणे, पोरगं अडखळलं म्हणून सांगून दिलं."

श्याम हसला. हसता हसता त्याचे डोळे भरले आणि मग तो बराच वेळ रडला. आम्ही त्याला रडू दिलं.

रविवारी अमरावतीचा हॉल खचाखच भरला. मुंबईचे कॅमेरे लागले. नीलमला श्यामने सकाळीच सगळं सांगितलं होतं. ती त्याच्याशी बोलत नव्हती, पण तक्रारही तिने दिली नव्हती. डोमाजींना मी स्वतः पातूरहून आणलं आणि माझ्या शेजारी बसवलं.

श्याम आला. माईक हातात घेतला.

"नत्थुजी पटवाले आन डोमाजी पटवाले, यायचं नाव घेऊन सुरू करतो," तो म्हणाला. "आज जे ऐकसान, ते या दोघायचं हाय. मी ते नवं म्हणून विकाले निघालो होतो. आन लोक म्हणतात चंदननं चोरलं. चंदननं काही चोरलं नाही. चोर तुमच्यासमोर उभा हाय. आता ज्याले उठून जाचं, त्यानं जावं, तिकिटाचे पैसे दारावर घ्यावे."

कॅमेऱ्यांचे लाल दिवे एकेक करून विझले. कंपनीची माणसं तारा गुंडाळायला लागली. मग मागून कुणीतरी ओरडलं, "जोडी सोडा." आणि लोकांनी टाळ्यांचा असा धडाका केला की मला बाजूच्या डोमाजींचा हात धरावासा वाटला, आणि मी धरलाही.

बोलेरो गेली, बैलांची रेंगी आली. व्हॉट्सॲप गेलं, तार आली. शेवटचं वाक्य कसं सगळ्यांनी मिळून म्हणायचं, ते श्यामने शिकवलं आणि अमरावतीच्या लोकांनी ते पटावरच्या गर्दीसारखं म्हटलं. डोमाजींचा आवाज सगळ्यांत वर होता.

तास संपला तेव्हा श्याम म्हणाला, "एक राहिली. ही चंदनची. दोन वर्षं त्यानं मले सांगतली आन मी ऐकली नाही." पडद्याआडून चंदन नको नको म्हणून हात हलवताना मला दिसला.

"धारणीच्या स्टँडवर मी कंडक्टरले विचारलं, बस कवा सुटते? म्हणे, ड्रायव्हर आला की. म्हटलं, ड्रायव्हर कवा येते? म्हणे, दुसऱ्या बसनं येऊन राहिला. म्हटलं, मग थे बस कवा येते?"

श्याम थांबला. यावेळी मान फिरली नाही. तो सरळ लोकांकडे बघत राहिला. हॉल वाट बघत होता. डोमाजींनी सवयीने तोंड उघडलं, आणि त्यांच्याकडे उत्तर नव्हतं.

"म्हणे, थे कशी येईन? तिचा ड्रायव्हर या बसनं जाणार हाय."

लोक हसले ते खुर्च्यांवरून कोसळायच्या बेतात. डोमाजी हसत हसत पुढे वाकले, टोपी हातात घेतली, डोळे पुसले. मग मला कोपराने ढोसून म्हणाले, "थो पोरगा कोणता? त्याचं पुरं नाव इचारून घ्या. पुढच्या पटाले मी मचाणावर चढतो. हे सांगीन, पण त्याचं नाव पहिले घेईन."